चार बोटांचा धुरा

पैज मीच लावली, हे आधीच कबूल करतो. म्हंजे नंतर कोणी म्हणाले नको का कवडूनं लपवलं.

आखाडीचा, म्हंजे आषाढी पुनवेचा, दुसरा दिवस होता. संध्याकाळी आम्ही नंदनवन लेआउटमध्ये आमच्या लाइनीतल्या जितेंद्रच्या फाटकापाशी उभे होतो. मी, जितेंद्र अन् समोरच्या शोभाताई. शोभाताई आमच्या लेआउटच्या अध्यक्ष. निवडणूक कधी झाली नाही, पण त्यांच्यापेक्षा मोठा आवाज कोणाचा नाही, म्हणून त्याच. जितेंद्र कळमेश्वरच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे अन् त्याच्या हॉलमध्ये चार फुटांची काचेची टाकी आहे, खाऱ्या पाण्याची. समुद्र आमच्यापासून रेल्वेनं एक रात्र दूर, अन् हा माणूस आरओच्या पाण्यात पाकिटातलं मीठ घोळून घरात समुद्र बनवते. मे महिन्यात त्याची बायको शामला कूलरसमोर बसते अन् टाकी एसीत राहते.

टाकीत दोन मासोळ्या अन् बाकी सगळे गोटे. त्या गोट्यांवर त्याचे कोरल. "झाडं नाहीत कवडूभाऊ, जीव आहेत," असं तो सांगते. एक आहे गोल, वळ्या-वळ्यांचा, अगदी मेंदूसारखा. कंपनीत पर्मनंट झाला त्या वर्षी आणला होता, सात वर्षं झाली. त्याले आम्ही मेंदूच म्हणतो. दुसरा म्हंजे स्टार पॉलिप. जांभळी चटई, अन् त्या चटईवर हजार हिरवे तारे हलून राहिलेले. बोट लावलं का सगळे तारे एका झटक्यात आत, खाली नुसती जांभळी चटई उरते. दोन वर्षांआधी जरीपटक्याच्या दुकानातून बिस्किटाएवढा तुकडा आणला होता. आता अर्धी टाकी त्यानं खाल्ली होती. ती चटई ज्याच्यावर चढते त्याचा श्वास बंद होते, हे जितेंद्रनंच सांगितलं.

मी म्हटलं, "जित्या, तान्ह्या पोळ्यापर्यंत हे गवत तुह्या मेंदूवर चढते, लिहून घे."

"नाही चढू देत."

"चढन."

"पैज?"

"पैज. जो हरन त्यानं तान्ह्या पोळ्याले हाफ पँट घालायची, लाकडाचा बैल ओढायचा, अन् लाइनीतल्या अकराच्या अकरा फाटकांवर पोट्ट्यांसारखा खाऊचा बोजारा मागायचा."

शोभाताई म्हणाल्या, "पंच मी. स्केलपट्टी माही."

जितेंद्र हसला, पण पुरता नाही. मंग हळूच म्हणाला, "मेंदू गेला ना कवडूभाऊ, तर मी टाकीच काढून टाकतो. दुकानदाराले बोलून ठेवलं आहे. आता नाही होत माह्यानं."

तेव्हा मले ते बोलणं उगाचचं वाटलं. मी मोटारी वाइंडिंग करणारा माणूस, जळलेली मोटार सोडून मले कशाची दया येत नाही.

पहिले पंधरा दिवस जितेंद्र पुढं होता. रविवारी तो गोटा बाहेर काढे, चटईची कडा कापे, गोटा परत आत. मी खिडकीतून पाहून म्हणो, "हजामत चांगली केली." मंग एका रविवारी त्यानं मले आवाज दिला. आवाज असा, का मी हातातली तंबाखू-खर्र्याची पुडी फेकून पळत गेलो.

टाकीच्या डाव्या बाजूले एक साफ गोटा होता. त्याच्यावर कधीच काही नव्हतं. आता तिथं सहा हिरवे पुंजके होते. एका रांगेत. स्केलनं आखून लावल्यासारखे, मधातलं अंतर बी सारखं.

शोभाताईनं स्केलपट्टी लावली अन् माह्याकडं पाहिलं. शामलानं पाहिलं. जितेंद्रनं पाहिलं.

"मी नाही," मी म्हटलं.

कोणी विश्वास ठेवला नाही, अन् त्यात त्यांची काही चूक नव्हती. माहा रेकॉर्ड तसा आहे. मागच्या दिवाळीत मी जितेंद्रच्या बेलचा वायर शोभाताईच्या घरात जोडून दिला होता. चार दिवस त्याच्या पाहुण्यांसाठी शोभाताई दार उघडून राहिल्या होत्या. त्यांच्या जागी तुम्ही असता तर तुम्ही बी माह्याकडंच पाहिलं असतं.

पण यावेळेस खरंच मी नव्हतो. अन् खरंच नसल्यावर चेहरा कसा ठेवायचा, हे मले माहीत नव्हतं. बावन्न वर्षांत प्रॅक्टिसच नाही. मी सवयीनं हसलो. झालं, केस पक्की.

"कवडू," शोभाताई म्हणाल्या, "पैज जिंकासाठी दुसऱ्याच्या घरात घुसतं का गा?"

"अहो ताई, मी लावतो तर असा रांगेत लावतो का? मी एवढा बावळट आहो का?"

"तेच तर. आम्ही असं म्हणाव म्हणूनच तू रांगेत लावलं."

मी खर्र्याची पुडी शोधाले बाहेर निघालो.

जितेंद्रले आपली विज्ञानाची शंका. तुकडे सुटून वाहत गेले असतील म्हणे. त्यानं पंपाच्या तोंडाले जाळी बांधली. पुढच्या रविवारी दुसरी रांग. पहिल्या रांगेपासून एक वीत पुढं, अन् एका पुंजक्याले पांढरा धागा गुंडाळलेला. शिवणाचा धागा.

"वाहत गेलेल्या तुकड्यानं गाठ मारली का?" शामलानं विचारलं. अन् मंग मले, "भाऊजी, आमच्या घराची दुसरी चावी तुमच्याकडंच राहते ना?"

राहते. त्यांच्या घरचं वायरिंग माहं, म्हणून राहते. मी चावी काढून टेबलावर ठेवली. शामलानं परत माह्या हातात दिली. म्हणाली, "राहू द्या. मीटर जळलं तर कोण येईन." म्हंजे चोर बी मीच अन् चौकीदार बी मीच.

रात्री झोपताना मले भलतेच विचार येत. माहाच हात झोपेत चालून राहिला का? बायकोले विचारलं, "मी झोपेत उठतो का वं?" ती म्हणाली, "उठत असता तर कचरा टाकाले पाठवलं असतं."

तिसऱ्या रविवारी तिसरी रांग मेंदूच्या गोट्यावरच आली. सगळ्यात जवळचा पुंजका मेंदूपासून दोन बोटांवर. अन् त्याच दिवशी जितेंद्रले कंपनीच्या कामानं पाच दिवस पुण्याले जायचं होतं. त्यानं टाकीसमोर स्टूल ठेवलं, थोडा वेळ बसला, मंग उठून फोन लावला. मी दारातच होतो. "हो, पोळ्यानंतरच्या सोमवारी या. पूर्ण टाकी. हो, स्टँड बी." फोन ठेवला अन् मले म्हणाला, "जिंकले तुम्ही. आता तरी सांगा, कसं केलं?"

मी म्हटलं, "जित्या, आईशप्पथ मी नाही केलं."

त्यानं मान हलवली, बॅग उचलली अन् गेला. अन् मले पहिल्यांदा जिंकून बी बरं वाटलं नाही. उलट डोक्यात भुंगा. कोण हाय बे हा, जो माही पैज माह्यापेक्षा जास्त मेहनतीनं खेळून राहिला?

दुसऱ्या दिवशी मी दुकान अडीच वाजता बंद केलं. जितेंद्र पुण्याले, शामला दवाखान्यात बिलिंगवर, सहाशिवाय येत नाही. घरी फक्त जितेंद्रची आई, कौशल्याकाकू. त्या दुपारी झोपतात असा आमचा सगळ्यांचा अंदाज. मी मागच्या दारानं चपला हातात घेऊन आत शिरलो, किचनमधून हॉलच्या पडद्यामागं उभा राहिलो.

काकू झोपल्या नव्हत्या. काकू पाटावर उभ्या होत्या. लुगड्याचा ओचा खोचलेला, उजवा हात खांद्यापर्यंत टाकीत. दातात धागा. तोंडानं काहीतरी गुणगुणून राहिल्या होत्या, अन् पाण्यात बोटानं एक-एक पुंजका गोट्याच्या फटीत दाबून राहिल्या होत्या. दाबला, अंगठ्यानं पक्का केला, दोन बोटं पुढं सरकल्या. दाबला, पक्का केला.

मी पडदा बाजूले केला. काकू दचकल्या बी नाहीत.

"आला का कवडू? बरं झालं. तो टॉर्च धर, कोपऱ्यात दिसत नाही मले."

मी टॉर्च धरला. मंग विचारलं, "काकू, काय करून राहिल्या तुम्ही?"

"दिसत नाही का गा? रोवणी करून राहिली."

काकू कुहीकडच्या. धानाचा पट्टा. काका गेल्यावर वावर ठेक्यानं दिलं अन् जितेंद्र त्यांना इथं घेऊन आला, त्याले तीन वर्षं झाली. जुलै-ऑगस्ट म्हंजे रोवणीचे दिवस. चाळीस वर्षं कमरेत वाकून चिखलात रोपं लावणाऱ्या बाईले आम्ही हॉलमध्ये सोफ्यावर बसवून ठेवलं होतं, अन् समोर ठेवली होती पाण्यानं भरलेली टाकी, ज्यात हिरवं रोप एका जागी गच्च झालेलं.

"पाह्य ना," काकू मले समजावून सांगाले लागल्या, "इकडं कशी दाटी झाली. अशा दाटीत वाढन का ते? अन् तिकडं सारी जागा पडीत. जितू रोज कामावरून येते, टाकीसमोर उभा राहते, तोंड एवढंसं करून. म्हटलं, पोराचं पीक धरून नाही राहिलं. मी म्हणून आपली रोज थोडी-थोडी लावून राहिली. त्याले काय माहीत रोवणीचं, तो शाळा शिकला."

मी स्टुलावर बसलो. हसावं का रडावं, काहीच समजेना. घरात काकूसमोर टाकीची चिंता कोणी बोलत नाही, त्यांचं बीपी वाढते म्हणून. पैज लागली तेव्हा त्या भजनाले गेलेल्या. रांगा सापडल्या ते तिन्ही रविवार संध्याकाळचे, तेव्हा बी भजनाले. म्हंजे पूर्ण लाइनीत एकाच माणसाले ही गोष्ट माहीत नव्हती, अन् तेच माणूस ती करून राहिलं होतं.

"काकू," मी म्हटलं, "हे पीक नाही. हे तण आहे."

त्यांचा हात पाण्यात थांबला.

मी सगळं सांगितलं. चटई कशी चढते, मेंदूचा श्वास कसा कोंडते, जितेंद्रनं टाकी विकाले काढली ते बी. पैजेचं बी सांगितलं, पण घाईघाईनं. काकू पाटावरून खाली उतरल्या, हात पदराले पुसला.

"म्हंजे मी पोराच्या वावरात तण लावून राहिली होती?"

"तुम्हाले कोणी सांगितलं नाही ना काकू."

"त्याले सांगू नको कवडू. म्हणन, आईले आता काही समजत नाही, तिले कशाले हात लावू देऊ नका. मंग मी बसून-बसून मरीन." अन् मंग पदर खोचून एकदम उभ्या राहिल्या. "लावलं मी, तर काढीन बी मीच. निंदण मले शिकवाले नको. पण पाण्यातलं निंदण कसं करतात ते विचार."

मी तिथूनच जितेंद्रले फोन लावला. "जित्या, ते स्टार पॉलिप काढतात कसं रे?"

"तुम्हाले काहून पायजे?"

"माहीत असावं माणसाले."

तो थकलेल्या आवाजात म्हणाला, "पाण्यात ओरबाडायचं नाही. तुकडे उडतात, जिथं पडतात तिथं लागतात. गोटा बाहेर काढून सोलाव लागते, मुळासकट. हातात ग्लोव्हज पाहिजे. अन् चटईचा गोटा बाकी गोट्यांपासून वेगळा ठेवाव लागते, मधात चार बोटं रेती. रेतीवरून त्याले पुढं जाता येत नाही. पण कवडूभाऊ, आता कायले? जिंकले ना तुम्ही."

मी फोन ठेवला. काकू स्पीकरवर ऐकून राहिल्या होत्या. म्हणाल्या, "म्हंजे धुरा."

"काय?"

"धुरा गा. दोन वावराच्या मधातला बांध. त्याच्यावर कोणी पेरत नाही. धुरा नाही सोडला तर याचं त्याच्यात घुसते अन् भांडण होते. एवढं साधं आहे तर जितूनं आधी काहून नाही केलं?"

तीन दुपारी आम्ही दोघांनी निंदण केलं. मी प्लास्टिकच्या टबात टाकीचंच पाणी भरायचो, एक-एक गोटा बाहेर काढायचो. काकू माह्या वाइंडिंगच्या रबरी ग्लोव्हजमध्ये हात घालून, विळ्याच्या टोकानं जांभळी साल अशी उचलायच्या का तुकडा तुटायचाच नाही. मी दोन वेळा केलं, दोन्ही वेळा तुटली. "हो बाजूले," काकू म्हणाल्या, "मोटारीच घुमव तू."

मेंदूचा गोटा शेवटी ठेवला. तो मी दोन्ही हातांनी छातीशी धरून उचलला. सात वर्षांचा जीव, ओला, निसरडा, अन् वरून काकू म्हणून राहिल्या, "पाडू नको, पाडू नको," म्हंजे हमखास पडणार. दोन पुंजके तर मेंदूच्या कडेले चिकटाले आले होते. तिथली कड फिकट, पांढुरकी झाली होती. काकूनं विळा ठेवून दिला, अंगठ्याच्या नखानं सालपट सोडवलं. मी मनात आकडे मोजून राहिलो होतो. चाळीसच्या आत गोटा परत पाण्यात.

मंग मोठा चटईचा गोटा उजव्या कोपऱ्यात एकटा. त्याच्या अन् बाकीच्यांच्या मधात रेती. काकूनं बोटं लावून मोजली. एक, दोन, तीन, चार. रेतीवर पडलेला एक हिरवा कण चिमटीत उचलला, "हा बी," म्हणून बादलीत टाकला.

मी जांभळ्या सालपटांची बादली घेऊन उभा होतो तेव्हा काकूनं विचारलं, "पण कवडू, मंग पैज तू हरशीन ना?"

खरं सांगतो, तीन दिवसांत ते माह्या डोक्यातच आलं नव्हतं. मी बादलीकडं पाहिलं, टाकीकडं पाहिलं. मी, लोकांचे बेल बदलवणारा माणूस, आपल्याच हातानं आपली हाफ पँट शिवून राहिलो होतो. काहून? मले आजपर्यंत समजलं नाही. काकूले वचन दिलं होतं का जितेंद्रले कळू देणार नाही, ते पाळलं. तुम्हाले सांगून राहिलो, कारण तुम्ही नंदनवनात राहत नाही.

जितेंद्र पोळ्याच्या आदल्या दिवशी आला. बॅग खाली ठेवली अन् टाकीसमोर उभा राहिला तो उभाच. चटई एका कोपऱ्यात, रेती मोकळी, रांगा गायब, मेंदू फुगून बसलेला. फिकट कड होती, पण नवीन काही चढलं नव्हतं.

"हे कोणं केलं?"

शामला म्हणाली, "मले वाटलं तुम्हीच जाताना केलं."

"मी तर फोन करून टाकी विकली वं!"

मंग जितेंद्र काकूले म्हणाला, "आई, दुपारी कोणी आलतं का घरी?"

"कोणी नाही बा," काकू म्हणाल्या, अन् भाजी निवडत राहिल्या.

पोळा झाला, अन् दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याच्या सकाळी शोभाताई स्केलपट्टी घेऊन आल्या. काचेले लावून मोजलं. चटईपासून मेंदू एक फूट दोन इंच. निकाल दिला: कवडू हरला. जितेंद्र माह्याकडं पाहून म्हणाला, "कवडूभाऊ, हे तुम्हीच केलं. तुम्ही मले फोन बी केला होता."

मी तोंड उघडणार तेवढ्यात शोभाताई म्हणाल्या, "डोकं फिरलं का तुहं? त्या रांगा यानं लावल्या होत्या, जिंकासाठी. मंग हराची मेहनत हा काहून करन? कवडू अन् स्वतःचं नुकसान? शक्यच नाही."

जितेंद्रले पटलं. शामलाले पटलं. केलं नव्हतं तेव्हा मी चोर ठरलो होतो, अन् केलं तेव्हा सुटलो. कोपऱ्यात काकू पदरात तोंड घालून खोकून राहिल्या होत्या. खोकला नव्हता तो.

जितेंद्रनं फोन काढला. "हॅलो, ते सोमवारचं राहू द्या. नाही, नाही विकत. माहीत नाही हो काय झालं, पण बरं झालं."

संध्याकाळी चार वाजता मी निघालो. हाफ पँट खाकी, सोबत बायकोनं मुद्दाम लावलेलं गालाले काजळ. बैल वीतभर, चाकं करकरणारी, शिंगाले बेगड. पुढं नऊ पोट्टे आपापले बैल घेऊन, मांगं मी. पहिल्या फाटकावर चिवडा मिळाला, दुसऱ्यावर चॉकलेट. तिसऱ्यावर एका पोरीनं मले रांगेत मागं ढकललं, "काका, लहान आधी." लोक गच्चीवर चढून मोबाइल धरून उभे. शोभाताई प्रत्येक फाटकावर मोठ्यानं मोजून राहिल्या होत्या.

सातवं फाटक जितेंद्रचं. तो दात काढून व्हिडिओ घेऊन राहिला होता. काकू ताट घेऊन बाहेर आल्या, माह्या बैलाले कुंकू लावलं, ओवाळलं. मंग माह्याकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं अन् पूर्ण लाइनीले ऐकू जाईन अशा आवाजात म्हणाल्या, "बाई वं शामला! हे एवढं मोठं लेकरू कोणाचं आहे? याचे पाय तर पाह्य, याच्या माईनं याले फुल पँट नाही घेऊन दिली?"

पूर्ण लाइन हसून लोटपोट. मी काकूकडं पाहिलं, त्यांनी डोळा बी लवू दिला नाही. माह्या दोन्ही हातावर करंज्या ठेवल्या. पोट्ट्यांना एक-एक दिली होती, मले चार.

जितेंद्र मोबाइल खाली घेऊन म्हणाला, "आईनं तुम्हाले चार काहून दिल्या?"

"मोठं लेकरू आहे ना," मी म्हटलं, अन् बैलाची दोरी ओढली. चार फाटकं अजून बाकी होती.